परिभाषेची उजळणी

इंग्रजीची परीक्षा समीप आली की महाराष्ट्रातील असंख्य विद्यार्थ्यांच्या वह्यांच्या शेवटच्या पानांवर एक यादी अवतरते. सिमिली, मेटाफर, पर्सॉनिफिकेशन, आयरनी, क्लॉज, फ्रेज, पॅसिव्ह व्हॉइस अशी पंचवीसतीस नावे, प्रत्येक नावासमोर एका ओळीची व्याख्या, आणि व्याख्येखाली पाठ्यपुस्तकातून उचललेले एखादे उदाहरण, असा तिचा शिरस्ता असतो. ही यादी रात्री मुखोद्गत होते, सकाळी उत्तरपत्रिकेत उतरते आणि सुटी संपण्यापूर्वी विस्मृतीत जाते. दोष विद्यार्थ्याच्या स्मरणशक्तीचा नाही. ज्या नावांचा कोणत्याही अनुभवाशी संबंध जोडून दिलेला नाही, ती नावे मनाने धरून ठेवावीत तरी कशासाठी? वस्तुतः यांपैकी एकही संज्ञा यादीत जन्मलेली नाही. कोणाला प्राचीन काव्याचा अर्थ लावावयाचा होता, कोणाला न्यायसभेत आपली जमीन परत मिळवावयाची होती, कोणाला श्रोत्यांचे मन वळवावयाचे होते, आणि त्या त्या गरजेतून भाषेच्या एकेका कृतीला नाव देणे भाग पडले. ती गरज ध्यानात आली तर पाठांतराचा भार पुष्कळच हलका होतो, असे माझे निश्चित मत आहे; म्हणून या लेखात त्या यादीची उजळणी थोड्या निराळ्या मार्गाने करावयाची आहे.

प्रारंभ व्याकरणापासून करू. अलेक्झांड्रिया येथील ग्रीक पंडितांसमोर होमरची महाकाव्ये होती. ती शतकांपूर्वी रचलेली असल्यामुळे त्यांतील शब्द आणि शब्दरूपे सामान्य वाचकाला दुर्बोध झाली होती. त्या परंपरेत घडलेल्या डायोनिसियस थ्रॅक्स या वैयाकरणाच्या नावावर इसवी सनापूर्वीच्या काळातील जो छोटेखानी ग्रंथ सांगितला जातो, त्यात शब्दांच्या आठ जाती दिल्या आहेत, आणि आजच्या इंग्रजी वर्गातील पार्ट्स ऑफ स्पीचचे मूळ तेथे आहे. त्या आठांत आर्टिकल ही एक जात होती. पुढे रोमन वैयाकरणांनी हीच मांडणी लॅटिनला लावली, तेव्हा अडचण अशी आली की लॅटिनमध्ये आर्टिकल नाहीच. तथापि आठ हा आकडा मोडण्याची तयारी नसल्यामुळे त्यांनी रिकाम्या जागी उद्गारवाचक शब्दांची स्वतंत्र जात बसविली. अठराव्या शतकाच्या अखेरीस, 1795 साली, लिंडले मरे या गृहस्थाने इंग्रजीचे व्याकरण प्रसिद्ध केले. हा मूळचा न्यूयॉर्कमधील वकील. इंग्लंडातील यॉर्क येथे स्थायिक झाल्यावर तेथील मुलींच्या शाळेकरिता त्याने ते लिहिले. त्याने विशेषणाला नामापासून वेगळे केलेले होते आणि आर्टिकलही ठेवले होते, म्हणून त्याच्याकडे जाती नऊ झाल्या. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी 1836 साली मराठीचे व्याकरण इंग्रजी व्याकरणांच्या धर्तीवर रचले, आणि त्या परंपरेतून आपल्या शाळांत नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद आणि चार अव्यये मिळून पुन्हा आठ जाती रूढ झाल्या. मराठीला आर्टिकल नसल्यामुळे ती एक जात आपोआप गळाली.

याच सुमारे दोन सहस्र वर्षांच्या प्रवासाकडे पाठ करून भारतीय परंपरेकडे पाहिले तर निराळेच चित्र दिसते. यास्काने निरुक्तात नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात अशा चारच जाती मानल्या, आणि पाणिनीने तर रूपाच्या दृष्टीने सुबन्त आणि तिङन्त या दोनच पदप्रकारांवर सुमारे चार हजार सूत्रांची आपली प्रचंड रचना उभारली. म्हणजे शब्दांच्या जाती आठच आहेत असा निसर्गाचा काही हुकूम नाही. शब्द वाक्यात कोणते काम करतो हे पाहण्याची ती एक सोय आहे. ही गोष्ट इंग्रजी शिकताना विशेष महत्त्वाची ठरते, कारण इंग्रजी शब्द प्रत्यय फारसे धारण करीत नाही आणि त्याची जात पुष्कळदा त्याच्या स्थानावरून ओळखावी लागते. ‘राउंड’ हा एकच शब्द नाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण आणि प्रिपोझिशन अशी पाच कामे करतो. मराठीतही ‘तो वर गेला’, ‘टेबलावर पुस्तक आहे’ आणि ‘वर मांडवात आला’ या तीन वाक्यांत ‘वर’ तीन जातींचा आहे. म्हणून सुटा शब्द फळ्यावर लिहून त्याची जात विचारणे हा प्रश्नच अपुरा आहे. वाक्य दिल्यावाचून उत्तर देता येत नाही, असे सांगणारा विद्यार्थी अधिक जाणता समजावा.

लॅटिनच्या साच्यात इंग्रजी बसविण्याच्या आग्रहातून काही निर्बंधही निर्माण झाले. प्रिपोझिशन वाक्याच्या अखेरीस येऊ नये, हा दंडक पुष्कळ शिक्षक अजून कळकळीने शिकवितात. ड्रायडन या कवीने 1672 साली बेन जॉन्सनच्या लेखनात हा दोष दाखविला आणि पुढे आपल्याच एका गद्यनिबंधाच्या नव्या आवृत्तीत तशी वाक्ये बदलून घेतली. परंतु इंग्रजी भाषकांनी तो निर्बंध बोलण्यात कधी पाळला नाही आणि उत्तम लेखकांनीही सर्वकाळ मानला नाही. विद्यार्थ्याने तो माहीत करून घ्यावा, त्याला भिऊ नये.

फ्रेज आणि क्लॉज यांच्यातील भेदासाठी फार शब्द खर्च करण्याचे कारण नाही. शब्दसमूहात स्वतःचा कर्ता आणि काळ दाखविणारे क्रियापद असेल तर तो क्लॉज, नसेल तर फ्रेज. ‘पाऊस थांबल्यावर’ या अर्थाचे इंग्रजी शब्द दोन्ही रीतींनी लिहिता येतात, आणि एवढा एक खेळ वहीत दोनचार वेळा खेळला की हा भेद पक्का होतो.

व्हॉइसच्या प्रकरणापाशी मात्र थांबलेच पाहिजे. कारण मराठी विद्यार्थ्याचा खरा घात येथे होतो आणि तो बहुधा कोणाच्या लक्षातही येत नाही. त्याला मराठीच्या तासाला कर्तरी, कर्मणी आणि भावे असे तीन प्रयोग शिकविलेले असतात. इंग्रजीच्या तासाला ॲक्टिव्ह आणि पॅसिव्ह असे दोन व्हॉइस येतात. आणि कर्तरी म्हणजे ॲक्टिव्ह, कर्मणी म्हणजे पॅसिव्ह, असे समीकरण तो मनाशी जुळवून टाकतो. आता ‘रामाने आंबा खाल्ला’ हे वाक्य घ्या. आंब्याच्या जागी पोळी आली तर ‘खाल्ली’, आंबे झाले तर ‘खाल्ले’. क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे फिरते, म्हणून हा कर्मणी प्रयोग होय. परंतु त्याचे सरळ इंग्रजी भाषांतर ‘राम एट अ मँगो’ असे होते, आणि हे वाक्य निखालस ॲक्टिव्ह आहे. मराठी वाक्यात लक्ष रामावरच आहे, खाणारा रामच आहे, त्याला मागे सारण्याचा वक्त्याचा काही हेतू नाही. भूतकाळातील सकर्मक क्रियापद मराठीत असेच चालते, एवढाच त्याचा अर्थ. उलट ‘शिपायांनी चोरांना पकडले’ या भावे प्रयोगात क्रियापद कर्त्याकडेही पाहत नाही आणि कर्माकडेही पाहत नाही, ते नपुंसकलिंगी एकवचनात स्थिर राहते. याला इंग्रजीत तोलाचे असे काहीच नाही, त्याचेही भाषांतर ॲक्टिव्हच होते.

याचे कारण असे, की प्रयोग ही क्रियापद कोणाच्या लिंगवचनाशी जुळते याविषयीची संज्ञा आहे, आणि व्हॉइस ही कर्ता वाक्याच्या अग्रस्थानी आहे की नाही याविषयीची संज्ञा आहे. दोन निरनिराळ्या प्रश्नांची ही उत्तरे असून ती एका कोष्टकात बसविल्यामुळे घोटाळा होतो. इंग्रजी पॅसिव्हला जवळचे मराठी वाक्य हवे असेल तर ते ‘रामाकडून आंबा खाल्ला गेला’ हे होय. आपल्या व्याकरणकारांनी त्याला नवीन कर्मणी हे वेगळे नाव दिले, यावरूनच तो प्रकार जुन्या कर्मणीहून भिन्न आहे याची त्यांना पुरती जाणीव होती हे दिसते. एवढा उलगडा वर्गात एकदा झाला तर भाषांतरातील किती तरी चुका मुळातच टळतील.

परंतु पॅसिव्हचा उपयोग काय, हा प्रश्न त्याहून मोलाचा आहे. करणारा ठाऊक नसतो, किंवा त्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नसते, तेव्हा पॅसिव्ह उचित असतो. प्रयोगशाळेतील अहवाल त्यात लिहिले जातात ते यामुळे. परंतु करणाऱ्याला लपवावयाचे असते तेव्हाही हीच रचना कामी येते. आपल्या सरकारी दप्तरांतील ‘कळविण्यात येते की’ आणि ‘अर्ज फेटाळण्यात आला आहे’ या वाक्यांत कळविणारा कोण आणि फेटाळणारा कोण, हे अर्जदाराला शेवटपर्यंत समजत नाही. जॉर्ज ऑरवेलने 1946 साली राजकारण आणि इंग्रजी भाषा यांच्या संबंधावर जो निबंध लिहिला, त्यात जेथे ॲक्टिव्ह चालेल तेथे पॅसिव्ह वापरू नये असे बजावले, ते शैलीच्या हौसेखातर नव्हे. जबाबदारी टाळणारी भाषा विचारही धूसर करते, हे त्याचे म्हणणे होते. ज्या विद्यार्थ्याला हे कळले, तो वृत्तपत्रातील वाक्य वाचून ‘हे केले कोणी?’ असे आपणहोऊन विचारू लागतो.

येथून आपण वक्तृत्वशास्त्राच्या, म्हणजे रेटरिकच्या, प्रांतात प्रवेश करतो. त्याची जन्मकथा न्यायसभेतली आहे. सिसिली बेटावरील सिराक्यूज नगरात ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकात जुलमी सत्ताधीशांची सत्ता उलथली, तेव्हा बळकावलेल्या जमिनी परत मिळविण्यासाठी कज्जे सुरू झाले. प्रत्येकाला आपला दावा स्वतःच मांडावा लागे, आणि त्या गरजेतून कोरॅक्स व टिसियस यांनी मांडणीचे नियम शिकविण्यास आरंभ केला, असे परंपरा सांगते. पुढे ॲरिस्टॉटलने या विद्येला शास्त्राचे रूप दिले आणि मन वळविण्याची तीन साधने सांगितली. वक्त्याच्या चारित्र्याविषयी वाटणारा विश्वास तो ईथॉस, श्रोत्यांच्या भावनेला घातलेला हात तो पेथॉस, आणि युक्तिवादाचे बळ तो लोगॉस.

या तिन्ही साधनांचा एकत्र आविष्कार पाहावयाचा असेल तर मराठी वाचकाने दूर जाण्याचे कारण नाही. जुलै 1908 मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयात राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांनी आपला बचाव स्वतः केला, आणि ज्यूरीसमोर इंग्रजीतून, अनेक दिवस मिळून सुमारे 21 तास ते बोलले. ‘केसरी’तील मूळ मराठी लेखांची सरकारपक्षाने सादर केलेली इंग्रजी भाषांतरे सदोष आहेत, मूळ शब्दांची छटा त्यांत विकृत झाली आहे, हा त्यांच्या बचावातील एक मुख्य मुद्दा होता, शब्दाशब्दाचा खल करणारे ते प्रतिपादन म्हणजे लोगॉस. मी हे माझ्या एकट्यासाठी करीत नसून वृत्तपत्रांच्या स्वातंत्र्यासाठी करीत आहे, ही भूमिका म्हणजे ईथॉस. ज्यूरीने सातविरुद्ध दोन मतांनी त्यांना दोषी ठरविल्यावर, मनुष्याच्या न्यायासनाहून वरिष्ठ अशा शक्तीचे स्मरण करून त्यांनी जे चार शब्द उच्चारले, त्यांत पेथॉसची परिसीमा होती. ते शब्द आज त्या न्यायालयाच्या इमारतीत संगमरवरावर कोरलेले आहेत. शिक्षा झाली ती सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची. मन वळविण्याची साधने हाती असूनही ज्यूरी वळत नाही असे घडते, आणि हेही विद्यार्थ्याला सांगितले पाहिजे. ॲरिस्टॉटलनेही यशाची हमी दिलेली नव्हती, उपलब्ध साधने ओळखण्याची शक्ती एवढेच या विद्येचे लक्षण त्याने केले होते.

आता अलंकारांकडे वळू. एलिझाबेथ राणीच्या काळात इंग्लंडातील ग्रामर स्कुलांत मुलांकडून अलंकारांची नावे घोकून घेत, लॅटिन उताऱ्यांत ते शोधून काढावयास लावीत आणि मग त्यांच्या अनुकरणाने स्वतः लिहावयास लावीत. हेन्री पीचम याच्या 1577 सालच्या ग्रंथात अशा अलंकारांची संख्या दोनशेच्या घरात गेली आहे. आपल्याकडेही भरताच्या नाट्यशास्त्रात उपमा, रूपक, दीपक आणि यमक हे चारच अलंकार आहेत, आणि अप्पय्य दीक्षितांच्या कुवलयानंदापर्यंत त्यांची संख्या शंभरावर पोचली. दोन्ही परंपरांत वर्गीकरणाचा हव्यास वाढत गेला. शालेय विद्यार्थ्याला दहाबारा अलंकार पुरेसे आहेत. पण जे घ्यावयाचे ते मुळापर्यंत घ्यावेत.

सिमिली म्हणजे उपमा, येथे शंकेला जागा नाही. मेटाफर म्हणजे रूपक, हे मात्र अर्धेच खरे आहे. आपल्या शास्त्रातील रूपकात उपमेय आणि उपमान दोन्ही उपस्थित असतात आणि त्यांचे ऐक्य सांगितलेले असते. ‘आमच्या वर्गातला सिंह आज गरजलाच नाही’ या वाक्यात ज्या मुलाविषयी बोलावयाचे त्याचा उल्लेखच नाही, उपमानाने उपमेय गिळून टाकले आहे. मम्मटाच्या काव्यप्रकाशात ही अतिशयोक्तीची एक जात ठरते. इंग्रजीत मात्र हे दोन्ही प्रकार मेटाफरच्याच पोटात येतात, आणि आपण शाळेत जिला अतिशयोक्ती म्हणतो ती वाढवून सांगण्याची रीत तेथे हायपर्बली या निराळ्या नावाखाली जाते. सबब, मराठी संज्ञेवरून इंग्रजी संज्ञेचा अंदाज बांधताना उदाहरण तपासून पाहावे.

मेटॉनिमी आणि सिनेक्डकी या दोन नावांची विद्यार्थ्यांना विलक्षण धास्ती असते, आणि तीच तर आपल्या परंपरेला सर्वाधिक परिचित! गंगेवर गवळ्यांची वाडी आहे असे म्हटले तर ती प्रवाहावर नसून तीरावर आहे हे ऐकणारा समजून घेतो. मुख्य अर्थाला बाध आला की त्याच्याशी संबंधित असा दुसरा अर्थ घ्यावयाचा, ही लक्षणा. दिल्लीने मागणी नाकारली, सारे गाव लोटले, मी सध्या केशवसुत वाचतो आहे, ही वाक्ये आपण रोज बोलतो. संबंधावरून बोध होतो ती मेटॉनिमी, आणि अंशावरून पूर्णाचा किंवा पूर्णावरून अंशाचा बोध होतो ती सिनेक्डकी. परंतु ओळख पटली म्हणजे काम संपले असे नाही. चार्ल्स डिकन्सच्या 1854 सालच्या ‘हार्ड टाइम्स’ कादंबरीत गिरणीमालक मजुरांना हात या अर्थाच्या इंग्रजी शब्दाने संबोधतात. हा अलंकार डिकन्सने शोधलेला नव्हे, तो कारखान्यांच्या व्यवहारातलाच शब्द होता. पण ज्यांना मजुराचे फक्त हात दिसतात, त्यांना त्याचे मस्तक आणि अंतःकरण दिसत नाही, हे त्याने त्या एका शब्दाच्या आधारे वाचकाला दाखवून दिले. सिनेक्डकीची व्याख्या लिहून एक गुण मिळेल, परंतु हे ओळखले तर कादंबरी कळेल.

आयरनीविषयी तर वर्गात सर्वाधिक गैरसमज आहे. कोणतेही दुर्दैव म्हणजे आयरनी नव्हे. म्हटलेले आणि अभिप्रेत असलेले परस्परविरुद्ध असणे, हे तिचे पहिले रूप. जोनाथन स्विफ्टने 1729 साली एक पत्रक लिहून, आयर्लंडातील दारिद्र्यावर उपाय म्हणून गरिबांची अर्भके श्रीमंतांना खाद्य म्हणून विकावीत, असा प्रस्ताव हिशेबाच्या तपशिलांसह, अत्यंत शांतपणे मांडला. त्या प्रस्तावाचा निवेदक आणि स्वतः स्विफ्ट या दोन भिन्न व्यक्ती आहेत, हे ज्याच्या ध्यानात येत नाही त्याला ते पत्रक राक्षसी वाटेल. ज्याच्या ध्यानात येते त्याला त्यामागील करुणा आणि संताप जाणवतो. निवेदक आणि लेखक यांच्यातील भेद ही संज्ञाही येथेच, व्याख्येवाचून, शिकता येते. आयरनीचे दुसरे रूप नाट्यगत. सोफोक्लिजचा ईडिपस राजा पूर्वीच्या राजाच्या मारेकऱ्याचा शोध चालवितो, त्याला शाप देतो, आणि तो मारेकरी स्वतः ईडिपसच आहे हे प्रेक्षकांना आधीपासून ठाऊक असते. प्रेक्षक जाणतो आणि पात्र जाणत नाही, या अंतरात सारा ताण साठलेला असतो.

काही संज्ञा अशा आहेत की मराठी मूल त्या घरातूनच शिकून येते. निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणणारे, बांगडी फुटली न म्हणता वाढवली म्हणणाऱ्या आजीजवळ वाढलेले मूल युफेमिझमची व्याख्या कशाला घोकील? वृत्तांच्या बाबतीत मात्र सावध राहावे. आयम, ट्रोकी ही नावे ग्रीक भाषेत अक्षरांच्या लघुगुरुत्वावर आधारलेली होती, आपल्या गणवृत्तांप्रमाणे; इंग्रजीने ती उसनी घेतली, पण तेथे ती आघातावर मोजली जातात. म्हणून इंग्रजी ओळ लघुगुरूंनी मोजण्याचा यत्न करू नये, ती मोठ्याने म्हणून पाहावी.

इंग्रजी शिकविणाऱ्या शिक्षकांना आणि मुलांचा अभ्यास घेणाऱ्या पालकांना माझी एक विनंती आहे. यंदाच्या उजळणीत ती पंचवीसतीस नावांची यादी काही दिवस मिटून ठेवावी. पाठ्यपुस्तकातील एखादा गद्य उतारा घ्यावा, तो मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यावा, आणि मग प्रत्येक वाक्याला तीनच प्रश्न विचारावेत: येथे करणारा कोण आहे आणि तो लेखकाने पुढे ठेवला आहे की मागे, कोणता शब्द आपल्या नेहमीच्या अर्थाने आलेला नाही, आणि हे वाक्य ऐकणाऱ्याने काय करावे, मानावे किंवा अनुभवावे अशी लेखकाची इच्छा आहे. मुलाने उत्तर आपल्या शब्दांत, मराठीत दिले तरी चालेल. उत्तर आल्यानंतर त्या कृतीचे इंग्रजी नाव सांगावे, आधी सांगू नये. वेळ अधिक लागेल हे खरे. परंतु सहामाहीनंतर वार्षिक परीक्षेसाठी तीच यादी पुन्हा पहिल्यापासून घोकून घेण्यात जो वेळ जातो, त्याहून तो खचितच कमी असेल.